मोदक एकच, पत्ते अनेक

आत्याने उकडीच्या मोदकांची कृती एकदाच लिहिली, पण सर्च इंजिनला ती अनेक पत्त्यांवर सापडली. सदाशिव पेठेतल्या तिच्या पाककृतींच्या वेबसाइटची देखभाल 'घरात कॉम्प्युटरवाला असताना बाहेर पैसे कशाला' या न्यायाने माझ्याकडे असल्यामुळे खुलासाही मलाच करावा लागला. 'एचटीटीपी'चा पत्ता वेगळा, 'एचटीटीपीएस'चा वेगळा. 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू' लावलेला आणि न लावलेला वेगळा. कागदावर छापता यावी म्हणून केलेल्या सुटसुटीत पानाचा, म्हणजे छपाईच्या प्रतीचा, आणखी निराळा. त्यात कोणी फेसबुकवरून आले, की पत्त्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह, 'एफबीक्लिड' आणि कोणत्याही भाषेत न वाचता येणारी अक्षरे चिकटतात व नवा पत्ता तयार होतो.

"म्हणजे माझी कृती कोणी ढापली?" आत्याने विचारले. तिचा रोख शेजारच्या काकूंवर होता आणि तो संशय तिला इतका आवडला होता, की दूर करताना मलाच वाईट वाटले. लबाडीचा हेतू नसेल, तर आपल्याच साइटवरच्या अशा प्रतींबद्दल गूगल शिक्षा करत नाही. सगळ्या प्रती एकत्र धरून त्यांतली एक निवडते. आपली पसंती कळवता यावी म्हणून २००९ मध्ये गूगल, याहू आणि मायक्रोसॉफ्ट यांनी 'कॅनॉनिकल' टॅग, म्हणजे पानाच्या कोडमध्ये 'खरा पत्ता हा' असे सांगणारी ओळ, आणला.

मी जुने पत्ते ३०१ रीडायरेक्टने कायमचे वळवले आणि छपाईच्या प्रतीत मूळ पानाकडे बोट दाखवणारा कॅनॉनिकल टाकला. हिंजवडीत नोकरी करणाऱ्या मामेभावाने ती प्रत 'रोबोट्स डॉट टीएक्सटी'मध्ये, म्हणजे सर्च इंजिनने कोणती पाने वाचू नयेत हे सांगणाऱ्या फाइलीत, अडवायला सांगितले. पण अडवलेले पान वाचलेच जात नाही, मग त्यातला टॅग दिसणार कसा, हे त्याला पटवण्यात अमृततुल्यवरची अख्खी संध्याकाळ गेली.

एवढे करून गूगलच्या अहवालात छपाईची प्रतच अधिकृत ठरली. कॅनॉनिकल हा हुकूम नसून सूचना असते, असे मी सांगताच आत्या म्हणाली, "अरे, सूचना कसली करतोस? पाटी लाव!"

शोध घेतला तेव्हा कळले, की आत्याने साइटच्या प्रत्येक पानावरून 'मोठ्या अक्षरांत वाचा' असा दुवा छपाईच्या प्रतीलाच दिला होता, आणि अंतर्गत दुवे कुठे जातात हेही निवड करताना पाहिले जाते. दुवे काढायला तिने साफ नकार दिला. एका बाजूला सर्च इंजिन, दुसऱ्या बाजूला आत्या, आणि दोघांचे एकमत. तेव्हा मी टॅगच उलटा फिरवला आणि छपाईची प्रत हाच मोदकांचा खरा पत्ता असल्याचे जाहीर करून टाकले.