आधी मागच्या जिन्याचं कुलूप काढा

मिरजेतल्या एका खासगी रुग्णालयात सध्या वाद रंगलाय. व्यवस्थापनाला सशस्त्र हल्ल्याचं मॉक ड्रिल घ्यायचंय, तेही कर्मचाऱ्यांना न सांगता. तोंडाला फडकं बांधलेला माणूस खोटी बंदूक घेऊन ओपीडीत घुसणार आणि कोण कसं वागतं ते साहेब लोक बघणार. माझी वहिनी तिथे सिस्टर आहे, त्यामुळे वाद आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आलाच. दादा म्हणतो, सांगून घेतलेलं ड्रिल म्हणजे नुसतं फोटोसेशन. आई म्हणते, दवाखान्यात असलं अभद्र नाटक हवंच कशाला? मग दोघांनी माझ्याकडे मोर्चा वळवला: तुमच्या अमेरिकेत हे रोजचंच, तूच सांग.

सांगतो. प्रशिक्षण हवं, पण दादाला हवं तसलं नको.

मी कॅलिफोर्नियात एका गोदामाच्या ऑफिसात काम करतो. इथे १ जुलै २०२४ पासून बहुतेक मालकांना कामाच्या जागी होणारी हिंसा टाळण्याचा लेखी आराखडा करावा लागतो, दरवर्षी प्रशिक्षण द्यावं लागतं आणि झालेल्या प्रत्येक घटनेची नोंद पाच वर्षं जपावी लागते. प्रशिक्षण कामगारांना समजेल अशा भाषेत हवं आणि त्यांना प्रश्न विचारता आले पाहिजेत, असंही कायदा म्हणतो. आमचं प्रशिक्षण बघून दादाची निराशाच होईल. टेबलावर गोदामाचा नकाशा असतो. ‘तू पॅकिंगला उभी आहेस, आवाज पुढच्या दाराकडून आला, कुठे जाशील?’ बोट ठेवून दाखवायचं. मागच्या खेपेला फोर्कलिफ्ट चालवणाऱ्या बाईंनी एका दारावर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, इथून गेले असते, पण तिथे तुम्ही माल ठेवायचे लाकडी पॅलेट रचून ठेवलेत. मॅनेजरचा चेहरा बघण्यासारखा झाला. दुसऱ्या दिवशी पॅलेट हलले. ना किंकाळी, ना खोटं रक्त.

नाटकी प्रकारही इथे झालेत. इंडियाना राज्यातल्या एका प्राथमिक शाळेत जानेवारी २०१९ मध्ये प्रशिक्षणाच्या नावाखाली शिक्षकांना भिंतीकडे तोंड करून गुडघ्यावर बसवलं आणि पोलिसांनी त्यांच्या पाठीत प्लास्टिकच्या गोळ्या झाडल्या. अंगावर वळ उठले, काहींना रक्त आलं. त्यातून कोण काय शिकलं? शिवाय मिरजेच्या ओपीडीत एका पेशंटबरोबर गावाकडची पाच-सहा माणसं असतात. तो खोटा हल्लेखोर धडधाकट बाहेर येईल याची हमी कोण घेणार?

इथे बहुतेकांना पाठ असलेला क्रम २०१२ च्या ह्यूस्टन शहराच्या व्हिडिओतला: पळा, ते जमलं नाही तर लपा, काहीच इलाज उरला नाही तर लढा. दादाला यातला पहिलाच शब्द झोंबतो. “आपल्या शेजारच्या सातारा जिल्ह्यातले तुकाराम ओंबळे पळाले होते का?” नव्हते. २६/११ च्या हल्ल्याच्या रात्री मुंबईत गिरगाव चौपाटीवर त्यांनी कसाबची बंदूक धरून ठेवली आणि जीव दिला. पण ते पोलीस होते, ड्यूटीवर होते. त्याच रात्री कामा रुग्णालयात स्टाफ नर्स अंजली कुलथे यांनी वीसेक गरोदर बायकांना पँट्रीत नेऊन दडवलं. सीएसटीवर विष्णू झेंडे यांनी उद्घोषणा करून प्रवाशांना मागच्या बाजूने बाहेर काढलं. वहिनीने गिरवायचा तो कुलथेंचा धडा: कुठली खोली, दार आतून लागतं का, दिवे कुठून बंद होतात. आणि रिसेप्शनवरच्या मुलीने गिरवायचा तो झेंडेंचा. माइकवर ‘कोड अमुक’ असं सांकेतिक काही म्हणू नका, ‘पुढच्या दाराकडे येऊ नका, मागून बाहेर पडा’ असं सरळ सांगा.

आपल्याकडचा धोका मात्र अमेरिकेसारखा नाही, हे या वादात कुणी बोलतच नाही. इथे अमेरिकेत बंदुका कमी करायला धजत नाहीत म्हणून प्रशिक्षणं वाढली. ती आहेत तशी उचलून सांगलीत आणण्यात अर्थ नाही. सांगली-मिरज रस्त्यावरच्या सराफी शोरूमवर जून २०२३ मध्ये भरदिवसा सशस्त्र दरोडा पडला, माणसांना बांधून ठेवलं. दरोडेखोराला माल हवा असतो. तिथे पळापळ केली तर गोळी सुटते. हात दिसतील असे ठेवायचे, अंगावर जायचं नाही. माणसं मारायलाच आलेल्यापुढे तसं थांबलात तर संपलात. दोन्हींना एकच उत्तर शिकवणारा ट्रेनर घातक.

रुग्णालयात तर तिसराच प्रकार जास्त: पेशंट दगावला की चिडलेल्या नातेवाइकांचा जमाव. डॉक्टर-सिस्टरांवरच्या हल्ल्याविरुद्ध राज्यात २०१० पासून कायदा आहे, पण तो हल्ला झाल्यावर कामाला येतो. जमाव आधी कुरकुरतो, मग आवाज चढतो, मग काच फुटते. वाईट बातमी सांगायला एकट्या ज्युनिअरला पाठवू नये, सांगणाऱ्याच्या पाठीमागे दार असावं आणि ११२ ला फोन कुणी करायचा ते आधीच ठरलेलं असावं. हे शिकवायला बंदूक कशाला लागते?

रक्तस्राव थांबवणं मात्र सगळ्यांना शिकवा, अगदी लिफ्टमनलाही. जखमेत कापड कोंबून दाबून कसं धरायचं, टूर्निके (रक्त थांबवायला हातापायाला बांधायचा पट्टा) कुठे आवळायचा. हल्ला कधीच झाला नाही तरी उसाच्या कोयत्याला आणि हायवेवरच्या अपघाताला हे उपयोगी पडेल.

आता वहिनीने परवा सहज सांगितलेली गोष्ट. रात्रपाळीला मागच्या जिन्याच्या ग्रिलला कुलूप असतं, भुरट्या चोऱ्यांमुळे. किल्ली वॉचमनकडे आणि वॉचमन पुढच्या गेटवर. आग लागली तरी तीच गत. शिवाय ड्रिलच्या यादीत कंत्राटी सफाईच्या मावश्या नाहीत. त्यांचं कंत्राटदार बघेल म्हणे. रात्री दोन वाजता वॉर्डात त्याच असतात, आणि त्यांतल्या दोघींना मराठीपेक्षा कानडी जवळची. व्यवस्थापनाने ड्रिलची तारीख ठरवण्याआधी त्या ग्रिलला आतून उघडणारी कडी बसवावी आणि पहिलं सत्र रात्रपाळीचं घ्यावं, मराठीत आणि कानडीत, चहापाण्यासकट, ड्यूटीचे तास धरून.