वाळूशिल्पे पाहायला जाणार असाल, तर संपूर्ण दिवस हाताशी ठेवा

वाळूशिल्पांचे प्रदर्शन म्हणजे समुद्रावर गेल्यावर जाता जाता अर्ध्या तासात उरकण्याची गोष्ट, असा समज रूढ आहे आणि तो मला मनापासून खटकतो. रांगेने शिल्पांसमोरून फिरायचे, प्रत्येकापुढे उभे राहून छायाचित्र काढून घ्यायचे आणि ऊन चढले की परत फिरायचे, या पद्धतीने आपण फक्त शिल्पाचा विषय ओळखतो. हा हत्ती, हा राजवाडा, ही जलपरी, एवढे कळले की नजर पुढे सरकते. माझे म्हणणे असे आहे की या कलेसाठी सकाळपासून सूर्यास्तापर्यंतचा दिवस द्यावा, आणि शक्य असेल तर शिल्पे पूर्ण झाल्यानंतरचा नव्हे, ती घडत असतानाचा दिवस निवडावा. नुकतीच अशी एक दिवसभराची सहल घडली आणि हे मत अधिकच पक्के झाले.

सकाळपासून संध्याकाळपर्यंत का थांबायचे, याचे उत्तर प्रकाशात आहे. चित्राला रंग असतात, धातूच्या मूर्तीला चकाकी असते, संगमरवराच्या आत थोडा प्रकाश झिरपतो. वाळूला यातले काहीच नाही. एकाच रंगाच्या, खरखरीत आणि चमक नसलेल्या पृष्ठभागावर नाक, पापणी, वस्त्राची चुणी हे सारे केवळ सावलीने उमटते. भर दुपारी सूर्य डोक्यावर असतो आणि सभोवतालची पांढुरकी पुळण तो प्रकाश खालून परतवत राहते, त्यामुळे सावल्या पुसट होतात आणि उत्तम कोरीव कामही सपाट वाटू लागते. तेच शिल्प सकाळी किंवा कलत्या उन्हात, प्रकाश एका बाजूने येत असताना पाहिले, तर चेहऱ्यावरची प्रत्येक सुरकुती उठून दिसते. यातही एक बारकावा आहे. सूर्य शिल्पाच्या अगदी समोर असेल, तर कोवळ्या उन्हातही खोली हरवते. म्हणून पूर्वाभिमुख शिल्पाला सकाळी एकदा पाहून भागत नाही. ऊन कडेने येऊ लागले की त्याच्याकडे पुन्हा यावे लागते. मी एका वृद्धेच्या चेहऱ्यासमोर सकाळी उभी होते तेव्हा तो मला साधारण वाटला होता, आणि दुपार कलल्यावर त्याच चेहऱ्याच्या ओठांच्या कडेला एक मिटलेले हसू आहे, हे प्रथमच लक्षात आले. शिल्पात काहीच बदलले नव्हते, ऊन तेवढे फिरले होते.

आता घडवण्याविषयी. पुष्कळांना वाटते की वाळूचा ढीग करून त्याला थापत थापत आकार दिला जातो. मोठ्या वाळूशिल्पाची रीत याच्या अगदी उलट असते. प्रथम फळ्यांचा तळ नसलेला चौकोनी साचा उभा करतात, त्यात वाळूचे थर टाकतात, भरपूर पाणी ओततात आणि धुमसाने किंवा यंत्राने ठोकून ठोकून ती वाळू घट्ट बसवतात. मग त्यावर त्याहून लहान साचा, त्यावर आणखी लहान. अशा पायऱ्यापायऱ्यांच्या ठोकळ्यातून शिल्प कोरून काढले जाते. म्हणजे ही मातीकामासारखी भर घालत जाण्याची कला नसून दगडातल्या मूर्तीसारखी वजा करत जाण्याची कला आहे. काम नेहमी माथ्यापासून सुरू होते. सर्वांत वरचा साचा काढून तेवढा भाग पूर्ण करायचा, मग खालचा साचा काढायचा, कारण वरून सुटणारी वाळू खालच्या तयार कामावर पडली तर ते बिघडते आणि एकदा खालचे कोरले की वर चढायला पायरीही उरत नाही. त्यामुळे मस्तक पूर्ण झाले आणि पायांच्या जागी अजून फळ्यांचा पेटारा, असे अर्धे शिल्प पाहायला मिळते. पूर्ण झालेल्या शिल्पापेक्षा मला तेच अधिक बोलके वाटते.

एका शिल्पकार बाईंचे काम मी बराच वेळ जवळून पाहिले. त्या त्याच वृद्धेच्या मनगटाखालची घडी कोरत होत्या. लहान पात्याने एक निमुळती चीर दिली, सुटलेले कण तिथेच अडकून राहिले, तेव्हा त्यांनी एक साधी प्लास्टिकची नळी ओठांत धरून हलकी फुंकर मारली आणि कडा स्वच्छ उघडी झाली. त्या जागी बोट लावले असते तर कड ढासळली असती. नुकत्याच कापलेल्या भागाचा रंग गडद होता. पाहता पाहता वाऱ्याने तो फिकट होऊ लागला, तशी त्यांनी फवारणीच्या लहान पंपाने त्यावर पाण्याचे तुषार सोडले आणि पुन्हा पाते हातात घेतले. अर्ध्या तासात फार तर वीतभर जागेचे काम झाले असेल. ते पाहिल्यावर शेजारच्या पूर्ण झालेल्या शिल्पातील प्रत्येक चुणीकडे माझी नजर वेगळ्या आदराने जाऊ लागली, कारण त्या प्रत्येक ठिकाणी कोणीतरी असाच श्वास रोखून उभे राहिले होते.

वाळू उभी राहते ती पाण्यामुळे, हे सर्वांना माहीत असते. पण किती थोड्या पाण्यामुळे, हे कळल्यावर मला खरेच नवल वाटले. दोन कणांच्या मध्ये पाण्याचा सूक्ष्म पूल तयार होतो आणि पृष्ठताणामुळे तो पूल दोन्ही कणांना एकमेकांकडे ओढून धरतो. कोरड्या वाळूत असा पूल नसतो, म्हणून ती घसरून उतरता ढीग होते. वाळू पाण्याने पूर्ण भरली तर हवेच्या पोकळ्याच उरत नाहीत, पूल नाहीसे होतात आणि ती वाहू लागते. 2012 साली ‘सायंटिफिक रिपोर्ट्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, नीट ठोकून बसवलेल्या वाळूसाठी आकारमानाच्या सुमारे 1 टक्का पाणी सर्वांत बळकट ठरते, असे दिसून आले. शिल्पकार साच्यात ओततात ते भरमसाट पाणी कण जागच्या जागी बसवण्यासाठी असते. त्यातले बरेचसे झिरपून जाते. त्याच अभ्यासात असेही आढळले की, वाळूचा खांब जास्तीत जास्त किती उंच उभा राहील हे त्याच्या तळाच्या त्रिज्येच्या दोन-तृतीयांश घातानुसार ठरते. म्हणजे त्रिज्या आठपट केली, तर उंची चौपटच वाढते. उंच वाळूशिल्पे तळाशी एवढी ऐसपैस का असतात, याचे कारण इथे सापडते.

ही मर्यादा ध्यानात ठेवून शिल्पांकडे पाहावे, अशी माझी खास शिफारस आहे. वाळूला अधांतरी काही धरता येत नाही. पसरलेला हात आधाराशिवाय टिकत नाही. म्हणून हे शिल्पकार आधाराला कथेत जागा शोधून देतात. मोकळे केस खांद्यावर उतरतात ते मानेला बळ देण्यासाठी, पदराचा घोळ कोपराखाली येतो तो हात पेलण्यासाठी, घोड्याच्या पोटाखाली लाटा किंवा खडक असतो तो त्याचे वजन घेण्यासाठी. शिल्पाभोवती फिरत ‘हा आधार कुठे लपवला आहे’ असे शोधत गेले, की मुलेसुद्धा एकेका शिल्पापाशी किती वेळ रमतात, हे मी स्वतः पाहिले आहे. पाठीमागची बाजूही अवश्य पाहावी. तिथे पुष्कळदा साच्याच्या फळ्यांच्या खुणा आणि ठोकलेल्या थरांच्या रेषा तशाच असतात.

उंचीच्या विक्रमांचे मला तितकेसे आकर्षण नाही, तरीही डेन्मार्कमधील ब्लोखुस येथे 2021 साली उभारलेल्या वाळूच्या किल्ल्याचा उल्लेख करायला हवा. त्याची उंची 21.16 मीटर होती आणि त्यासाठी जवळजवळ 5000 टन वाळू लागली. त्या वाळूत सुमारे एक-दशांश चिकणमाती मिसळलेली होती. लाटांनी घासून गोल झालेले कण एकमेकांवरून घसरतात, तर टोकदार कण आणि त्यांच्यात मिसळलेला बारीक गाळ एकमेकांत अडकून बसतो. म्हणूनच कित्येक प्रदर्शनांसाठी समुद्राच्या ऐन काठावरही वाळू बाहेरून आणली जाते. यात फसवणूक आहे असे मला वाटत नाही.

पृष्ठभागावर मारल्या जाणाऱ्या डिंकाच्या फवाऱ्याबद्दलही माझे मत तसेच आहे. काम संपल्यावर पाण्यात पातळ केलेल्या गोंदाचा हात फिरवतात, त्याने वरवर एक पातळ कवच धरते आणि वारा व हलका पाऊस यांच्यापासून कोरीव कडा वाचतात. आतली वाळू मात्र वाळूच राहते. मला आक्षेप आहे तो रंगांना. लाल, निळे, हिरवे रंग शिंपडले की सावलीने उमटलेला आकार झाकला जातो आणि कोरणाऱ्याचे कौशल्य त्याखाली हरवते. काहींना ते उत्सवी वाटते, याची मला कल्पना आहे, पण एकाच रंगात एवढे काही सांगता येते, हेच तर या कलेचे सामर्थ्य आहे.

ही कला रस्त्यावरची, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर उघड्यावर घडणारी कला म्हणूनच वाढली. पुरीच्या किनाऱ्यावर ओडिया संतकवी बलराम दास यांची कथा सांगतात: रथावरून अपमानित करून उतरवल्यावर ते समुद्रकाठी गेले, त्यांनी वाळूचाच रथ घडवून जगन्नाथाची आळवणी केली आणि इकडे खरा रथ जागचा हलेना. त्याच पुरीचे सुदर्शन पटनाईक यांना या कलेसाठी 2014 साली पद्मश्री मिळाली, आणि जवळच कोणार्कच्या चंद्रभागा किनाऱ्यावर डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आंतरराष्ट्रीय वाळूशिल्प महोत्सव भरतो. इंग्लंडमधील वेमथच्या किनाऱ्यावर फ्रेड डॅरिंग्टन यांनी दशकानुदशके लोकांच्या डोळ्यांदेखत शिल्पे घडवली. अमेरिकेतील अटलांटिक सिटीत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शिल्पकार लाकडी फलाटावरून जाणाऱ्यांनी टाकलेल्या नाण्यांवर गुजराण करत. या सगळ्या ठिकाणी प्रेक्षक घडण पाहत होते. आज मात्र बहुतेक ठिकाणी काम कुंपणाआड होते आणि तयार झाल्यावरच दारे उघडतात, हे मला मोठे नुकसान वाटते.

जपानमधील तोत्तोरी येथील वाळूच्या संग्रहालयात दर वेळी विषय बदलतो, जुनी शिल्पे मोडली जातात आणि तीच वाळू पुढच्या शिल्पांसाठी वापरली जाते. 2012 पासून ते छताखाली असल्यामुळे तिथे पावसाची भीती नाही. तशी सोय असलेले ठिकाण निवडले तर वेळेची चिंता नसते. उघड्या किनाऱ्यावर जायचे असेल, तर भरती-ओहोटीचे वेळापत्रक आधी पाहून ठेवावे. दोन्हींत साधारण सहा तासांचे अंतर असते, रोज ही वेळ सुमारे 50 मिनिटांनी पुढे सरकते आणि अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण असल्याने पाणी नेहमीपेक्षा वर येते. ओहोटीच्या वेळी पोहोचले तर शिल्पांच्या सर्व बाजूंनी फिरायला मोकळी जागा मिळते. दुपारचे तीन-चार तास सावलीत विश्रांतीला ठेवावेत. त्या प्रकाशात तसेही फारसे काही दिसत नाही.

मुलांना शिल्पांना हात लावू देऊ नये, हे सांगायला नकोच, पण निव्वळ ओरडण्यापेक्षा त्यांना शेजारी एक तळ नसलेली बादली देऊन वाळू ठोकून बसवायला आणि वरून कोरायला लावावे. एक कोपरा ढासळला की कुंपणापलीकडच्या कामाचे मोल त्यांना आपोआप समजते.

आयोजकांकडे माझी मागणी छोटी आहे. कोरण्याचे दिवस प्रेक्षकांसाठी खुले करावेत, त्यांचे तिकीट हवे तर वेगळे ठेवावे, आणि प्रत्येक शिल्पाशेजारी प्रायोजकाच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरांत शिल्पकाराचे नाव लिहावे. त्या दिवशीच्या प्रदर्शनात बहुतेक फलकांवर शिल्पाचा विषय होता, प्रायोजकाचे चिन्ह होते, आणि ज्यांनी भर उन्हात गुडघे टेकून ते कोरले त्यांचे नाव कुठेही नव्हते.