कांजीस्किप शून्य ठेवण्याबद्दल

टेक या अक्षरजुळणी प्रणालीत जपानी मजकूर मांडण्यावरच्या माझ्या लेखाला आलेली तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचे आक्षेप दोन आहेत. पहिला: जपानी अक्षरं चौकोनी साच्यात बसतात, तेव्हा दोन अक्षरांमधलं अंतर, म्हणजे कांजीस्किप, सरळ शून्य ठेवावं. मी त्याला ताण, म्हणजे गरजेप्रमाणे वाढण्या-आकसण्याची मुभा, देऊन गुंता वाढवला, असं तुमचं म्हणणं. दुसरा: महिरपी कंसात ही किंमत बदलण्याचं माझं उदाहरण चालतच नाही.

दुसऱ्या आक्षेपात चूक माझीच आहे. परिच्छेद संपताना कांजीस्किपची जी किंमत असेल, तीच पीटेक (टेकची जपानी आवृत्ती) सगळ्या परिच्छेदाला लावतं. कंसात बदललेली किंमत कंस मिटताच जाते. एक्सकांजीस्किपचंही (जपानी आणि रोमन अक्षरांमधलं अंतर) तसंच, आणि लुआटेक-जेए या लुआटेकवरच्या जपानी पॅकेजमध्येही हेच. एकच शब्द विरळ करायचा असेल तर तो एचबॉक्समध्ये (न तुटणाऱ्या आडव्या पेटीत) घालून किंमत आत द्यावी. मात्र मग तो शब्द ओळीच्या शेवटी तुटत नाही. लेखात दुरुस्ती केली आहे.

पहिला आक्षेप मला पटत नाही. मराठीत ओळ दोन्ही कडांना भिडवताना शब्दांमधली जागा वाढते. अक्षरांमध्ये फट पाडली तर शिरोरेषा तुटेल. जपानीत शब्दांमध्ये जागाच नसते, मग वाढायचं कुणी? ३० अक्षरांची, विरामचिन्ह नसलेली ओळ घ्या. ३१वं चिन्ह पूर्णविराम आहे. किन्सोकूच्या, म्हणजे ओळ कुठे तोडू नये याच्या जपानी नियमाने तो ओळीच्या सुरुवातीला येऊ शकत नाही, म्हणून ३०वं अक्षर त्याच्यासोबत खाली उतरतं. वर २९ अक्षरं, २८ फटी, आणि भरायची जागा एका अक्षराची. १० पॉइंटच्या टायपात प्रत्येक फटीला जेमतेम ०.३६ पॉइंट येतात; वाचताना ते जाणवतही नाही. ताण नसेल तर उजवी कड एका अक्षराने उघडी पडते आणि लॉगमध्ये अंडरफुल, म्हणजे ओळ पुरेशी भरली नसल्याचा इशारा, येतो.

ओकुमुरा हारुहिको यांच्या जेएसक्लासेस या जपानी दस्तऐवज-साच्यांमध्ये कांजीस्किप मुळात शून्यच आहे, पण अक्षराच्या रुंदीच्या ०.१ पट वाढू शकतं आणि फक्त ०.०१ पट आकसतं. हा असमतोल मला फार आवडतो: अक्षरं एकमेकांत घुसली की लगेच खुपतात, किंचित लांब गेली तर नाही. (स्वल्पविरामानंतरची अर्ध्या अक्षराची जागा वेगळी, ती जेएफएम या जपानी फॉन्टच्या मापांच्या फाइलमधून येते, कांजीस्किप शून्य केल्याने जात नाही.)

चौकटींच्या हस्तलिखित कागदासारखी मांडणी हवी असेल, तर तुमचं शून्य अगदी बरोबर. पण तुमच्या नमुन्यात रोमन शब्द आणि आकडे आहेत. त्यांची रुंदी चौकोनांच्या पटीत येत नाही. तिथे एक्सकांजीस्किप पाव अक्षराएवढं ठेवा, दोन्हींचा ताण परत द्या, आणि तेच पान पुन्हा चालवून पाहा.