मदत पोचली, माणूस पोचला का?

आमच्या धर्मग्रामातल्या, म्हणजे चर्चच्या हद्दीतल्या, एका ग्रुपने ईस्टरआधीच्या उपवासकाळात तांदूळ-डाळीची पाकिटं वाटली आणि घेणाऱ्यांना ओळीने उभं करून काढलेले फोटो सगळीकडे फिरवले. संध्याकाळी वसईत पारनाक्यावर त्यावरूनच पेटलं.

"उजवा हात काय देतो ते डाव्याला कळू नये, असं येशूने सांगितलंय," मास्तर म्हणाले. "मग फोटो कशाला?"

"सर, लोक पैसे देतात, त्यांना हिशेब नको?" आमचा बँकेतला मित्र. "फोटो नसले की तुम्हीच विचाराल, पैसे गेले कुठे."

त्याचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. दुसऱ्याच्या पैशाचा हिशेब चोखच हवा. पण हिशेब वहीत आणि पावतीत असतो, त्याला एखाद्या आईचा चेहरा कशाला लागतो? तिची पोरं आपल्याच पोरांबरोबर शाळेत जातात. तो फोटो उद्या वर्गात फिरला तर?

मी ओझानामचा विषय काढला. १८३३ साली पॅरिसमधला हा वीस वर्षांचा कॅथलिक विद्यार्थी. विरोधकांनी त्याला विचारलं, तुमच्या धर्माने पूर्वी मोठी कामं केली असतील, आज गरिबांसाठी काय करता? प्रश्न त्याला झोंबला. मित्रांना घेऊन तो कामाला लागला, सिस्टर रोझाली रेंदूंनी गरीब वस्तीतली घरं दाखवली. पद्धत साधी: दोघादोघांनी घरी जायचं, बसायचं, विचारपूस करायची, पुन्हा जायचं. सभा संपताना पिशवी फिरायची आणि कोणी किती टाकले ते शेजारच्यालाही कळायचं नाही. गरिबांना मदत करणारी आपल्या चर्चमधली संत विन्सेंट डी पॉल सोसायटी तिथूनच आली. मला ती पिशवी फार मोलाची वाटते. तिथे देणाऱ्याचा मोठेपणाच उरत नाही.

"दोघं जाऊन किती घरं होणार?" रिक्षावाला मित्र उसळला. "भूक आज लागते. माझ्या आईला तेव्हा असं पाकीट मिळालं असतं ना, तर तिने फोटोसुद्धा काढू दिला असता."

"म्हणून तर काढायचा नाही," मास्तर म्हणाले. "तिला नाही म्हणायची सोय नव्हती."

बँकवाला मागे हटेना. "केडगावच्या पंडिता रमाबाईसुद्धा देणगीदारांना कामाची माहिती छापून कळवत होत्याच की!"

कळवत होत्या, खरं आहे. पण १८९६-९७च्या दुष्काळात त्या स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुलींना घेऊन आल्या. पुढे केडगावात त्यांच्यासोबतच राहिल्या, त्यांना लिहायला-वाचायला, छापखान्यातलं काम करायला शिकवलं. रमाबाईंनी केलेलं बायबलचं मराठी भाषांतर तिथल्याच बायकामुलींनी छापलं. सगळं धन वाटून टाकलं पण प्रीती नसेल तर लाभ शून्य, असं बायबलमध्ये संत पौल करिंथकरांना लिहिलेल्या पत्रात म्हणतो. ती प्रीती मला केडगावच्या त्या छापखान्यात दिसते.

"बरं, फोटो पोत्यांचे आणि बिलांचे," बँकवाला म्हणाला. "पण घरी जाणार कोण? चर्चमधली मिस्सा, म्हणजे उपासना, संपली की सगळ्यांना घाई."

"मंगळवारी मी जातो, जोडीला एक जण हवा," मास्तर म्हणाले.

"मंगळवारी नाही जमत सर, बुधवारी येतो," बँकवाला म्हणाला.

"आणि लगेच तांदूळ घेऊन जाऊ नका," रिक्षावाला म्हणाला. "आधी विचारा काय हवंय. आमच्या गल्लीत एका घरी डाळ पडून आहे आणि आजोबांच्या औषधाला पैसे नाहीत."