‘इको-फ्रेंडली परवडत नाही’ म्हणणाऱ्यांनी हिशेब पुरा करावा

पुण्यातल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. पर्यावरणपूरक वस्तू म्हणजे पैसेवाल्यांची हौस. वीज वाचवणाऱ्या पंख्याचे पैसे कधीच वसूल होत नाहीत, रिठ्याने काही स्वच्छ होत नाही आणि खतप्रकल्प म्हणजे मेन्टेनन्सला भुर्दंड. हे वाचून महिन्याचा खर्च कसाबसा बसवणारी घरंच आधी माघार घेतात, म्हणून उत्तर द्यायलाच हवं.

पंख्यापासून सुरू करू. साधा पंखा ७५ वॅटच्या आसपास वीज खातो, बीएलडीसी म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा पंखा ३० च्या. मार्च ते ऑक्टोबर रोज १२ तास चालला तर एका पंख्यामागे सुमारे १३० युनिट वाचतात. वीजबिलातले सगळे आकार धरून युनिटला ८ रुपये लावले तरी हजाराच्या वर रक्कम जाते. दोन्ही पंख्यांच्या किमतीत फरक साधारण हजार-दीड हजाराचा, म्हणजे दुसऱ्या उन्हाळ्यापर्यंत तो भरून निघतो. मात्र चांगला चालणारा पंखा काढून टाकू नका, आणि पाहुण्यांपुरता फिरणारा तर मुळीच बदलू नका.

रिठ्यात सॅपोनिन असतं, ते मळ आणि तेलकटपणा सोडवतं. फेस कमी येतो, एवढ्यावरून ते कुचकामी ठरत नाही. रात्री भिजवून सकाळी उकळलेलं पाणी रेशमी-लोकरी कपड्यांना आणि रोजच्या भांड्यांना चालतं. करपलेल्या कढईला ते पुरत नाही, तिथे गरम पाणी आणि खायचा सोडा घ्या. सोड्यात व्हिनेगर ओतायला सांगणारे व्हिडिओ मात्र विसरा. दोन्ही एकमेकांना मारतात. नळावरच्या पांढऱ्या डागांना नुसतं व्हिनेगर पुरे.

‘ग्रीन’ लेबलची महागडी बाटली आणि बांबूचा ब्रश यांनी पैसे वाचत नाहीत, हे मला मान्य आहे. पण मासिक पाळीचा कप तीन-चारशे रुपयांत येतो आणि काही वर्षं टिकतो. पॅडचा वर्षाचा खर्च त्याशेजारी मांडून बघा.

राहिला खतप्रकल्प. गांडूळखत, सौरऊर्जा, पर्जन्यजल संधारण यांपैकी एक प्रकल्प चालू असेल तर पुणे महापालिका मिळकतकरात ५ टक्के सवलत देते, दोन असतील तर १०. प्रकल्प नुसता कागदावर असून भागत नाही, तो चालू लागतो. बंद आढळला तर सवलत जाते. आपल्या इमारतीला ती मिळते का, हे पुढच्या सभेत सेक्रेटरींना विचारा.