काटा शून्यावर म्हणजे बॅटरी फुल? तुमच्या प्रतिक्रियेला उत्तर

दादा, ट्रॅक्टरच्या ॲमीटरवर मी जे लिहिलं होतं (बॅटरीत करंट जातोय की बाहेर येतोय ते दाखवणारं मीटर, मधोमध शून्य, भरताना काटा प्लसकडे, उतरताना मायनसकडे), त्यावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं असं की "काटा मधोमध आला की बॅटरी भरली समजा" असं मी लिहिलं, त्यावर तुम्ही निवांत राहिलात आणि दोन आठवडे झाले रोज सकाळी सेल्फ नुसता टकटक करतोय. पुढे लिहिलंय की चालू इंजिनवर बॅटरीची वायर काढून बघितली, इंजिन बंद पडलं नाही, म्हणजे डायनामो ठणठणीत आहे, ॲमीटरच गेलाय, आणि मल्टीमीटरचा एवढा पसारा मी उगाच सांगतो.

पहिल्या मुद्द्यावर तुम्ही बरोबर आहात. ते वाक्य अर्धवट होतं आणि चूक माझी आहे, आज दुरुस्त केलंय. शून्यावरच्या काट्याचा अर्थ तो तिथे कसा आला त्यावर ठरतो. सेल्फ मारताना बॅटरीतून बराच करंट जातो, त्यामुळे इंजिन चालू होऊन जरा रेस दिली की काटा आधी प्लसकडे गेलाच पाहिजे, दहा-पंधरा अँपिअरपर्यंत, आणि मग दहा-वीस मिनिटांत हळूहळू खाली येत शून्याच्या थोडा वर टेकला पाहिजे. असा उतरत आलेला काटा म्हणजे बॅटरी भरत आली. तुमचा मात्र तुम्हीच लिहिलंय तसा "पहिल्यापासून हलतच नाही", तो वेगळा विषय आहे, तिथे एकतर चार्जिंग सुरूच झालेलं नाही, नाहीतर ॲमीटर बिघडलाय.

पण बॅटरीची वायर काढायची ती टेस्ट, ती कृपा करून परत करू नका. तुमचा ट्रॅक्टर डिझेल आहे. जुन्या डिझेल इंजिनाला चालत राहायला करंट लागतच नाही, पंप आणि नोझल सगळं मेकॅनिकल, डायनामो काढून बाजूला ठेवला तरी ते चालणार. म्हणजे इंजिन बंद पडलं नाही यावरून डायनामोबद्दल काहीच कळलं नाही. आणि धोका मात्र खरा आहे, चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो, त्याच्याजवळ टर्मिनल ओढताना ठिणगी पडली तर बॅटरी तोंडावर फुटू शकते. पुढेमागे कोणी तुम्हाला आल्टरनेटर बसवून दिला आणि त्याच्यावर हा प्रयोग केलात तर आतले डायोड क्षणात जातील. हे मी रागाने लिहीत नाहीये, मला खरंच काळजी वाटली म्हणून लिहितोय.

आता ॲमीटर खराब आहे का ते बघायला पाच मिनिटं लागतात आणि त्याला मल्टीमीटरही नको. इंजिन बंद ठेवा, चावी चालू करा, दोन्ही हेडलाइट लावा. ४५ वॅटचे दोन बल्ब म्हणजे ९० वॅट, १२ व्होल्टवर साडेसात अँपिअर, म्हणजे काटा मायनसकडे साधारण सात-आठवर गेला पाहिजे. गेला तर ॲमीटर चांगला आहे, त्याला हात लावू नका. लाइट लागले आणि काटा ढिम्म, तर ॲमीटर मेलाय किंवा कोणीतरी मागे दोन्ही वायरी एकत्र जोडून त्याला बायपास केलाय. प्लसकडे गेला तर मागच्या दोन वायरी उलट लागल्यात, बॅटरी सोडवून अदलाबदल करा. मागचे नट तेव्हाच घट्ट करा, सेल्फ सोडून जवळपास सगळा करंट त्या दोन नटांतून जातो आणि ढिला नट इतका तापतो की वायरचं प्लास्टिक वितळतं.

मग तसेच लाइट चालू ठेवून इंजिन चालू करा आणि रेस वाढवा. स्लोवर काटा मायनसमध्ये राहिला तर घाबरायचं कारण नाही, डायनामो स्लोवर फारसं देतच नाही, आल्टरनेटरसारखा तो नाहीये. रेस दिल्यावर काटा शून्याकडे किंवा प्लसकडे आला तर डायनामो लाइटचा भार उचलतोय. कितीही रेस देऊन तिथेच मायनस सात, तर एक थेंबही येत नाही. फॅनबेल्ट आधी बघून घ्या, मधे अंगठ्याने दाबला तर अर्धा इंचभर दबला पाहिजे.

त्यानंतर डायनामो एकटा तपासायचा. त्याच्यावरच्या दोन्ही वायरी, डी (करंट बाहेर देणारी) आणि एफ (आतल्या फील्ड कॉइलची), काढून घ्या, ते दोन पॉइंट एका वायरने एकमेकांना जोडा आणि तिथून बॉडीला व्होल्टमीटर लावा. (हे लुकास या ब्रिटिश कंपनीच्या डायनामोसाठी. काही अमेरिकन ट्रॅक्टरांत एफ बॉडीला जोडून टेस्ट करतात, तिथे ही पद्धत वापरू नका.) रेस हळूहळू वाढवा, व्होल्टेज सरसर चढलं पाहिजे, वीसच्या पुढे जाऊ देऊ नका. काहीच नाही आलं तर कार्बन (घासणारे ब्रश) झिजलेत किंवा अडकलेत, एखाद व्होल्ट येऊन थांबलं तर फील्डची कॉइल, पाच-सहावर अडकलं तर आर्मेचर, म्हणजे आतला फिरणारा भाग. आणि जुन्या ब्रिटिश ट्रॅक्टरांत बऱ्याचदा प्लस बॉडीला असतो, फर्ग्युसन टीई-२० तसाच होता, तेव्हा मीटरवर मायनस आकडा दिसला तर दचकू नका.

आता तुमच्या प्रतिक्रियेतलं जे वाक्य वाचून मी थांबलो ते सांगतो. तुम्ही लिहिलंय, "गेल्या वर्षी पूर्ण रंग मारला, तेव्हापासूनच कटकट." माझ्या ट्रॅक्टरचं अगदी हेच झालं होतं. डायनामो एकट्याने अठरा व्होल्ट देत होता आणि काटा मात्र शून्यावर. दोन दिवस रेग्युलेटर (डायनामोचं व्होल्टेज आवरणारा डबा) उघडून बसलो, पॉइंट स्वच्छ, कॉइल शाबूत. शेवटी काय सुचलं कोण जाणे, एक वायर घेतली, एक टोक रेग्युलेटरच्या ई पॉइंटला (ई म्हणजे अर्थिंग, बॉडीशी जोड) आणि दुसरं बॅटरीच्या बॉडीला जोडलेल्या टर्मिनलला टेकवलं. आत टक् असा आवाज झाला, कटआउट (डायनामो बॅटरीला जोडणारा आतला स्विच) ओढला गेला आणि काटा उडी मारून प्लस बारावर. रेग्युलेटर काढून बघितला तर त्याच्या पायाखाली चकचकीत नवा रंग, स्क्रूच्या भोकातसुद्धा रंग. कटआउटच्या कॉइलला अर्थिंगच मिळत नव्हतं, मग ती पॉइंट ओढणार कशी आणि डायनामोचा करंट बॅटरीपर्यंत जाणार कसा. नाण्याएवढी जागा पॉलिश पेपरने पांढराशुभ्र पत्रा दिसेपर्यंत घासली, थोडं ग्रीस लावलं, परत बसवला. तेव्हापासून एकदाही त्रास नाही.

तुमचंही तेच असेल असं मी ठामपणे म्हणत नाही, पण सुरुवात तिथूनच करा, एका वायरचं काम आहे. डायनामोच्या ब्रॅकेटखालीही बघा.

हे करूनही सकाळी बॅटरी उतरलेली असेल तर रात्री इंजिन बंद केल्यावर काट्याकडे बघा. सगळं बंद असताना तो मायनसमध्ये ठळक झुकलेला असेल तर कटआउटचे पॉइंट चिकटलेत आणि बॅटरी उलटी डायनामोत रिकामी होतेय, अशा वेळी लगेच टर्मिनल काढा, तो डायनामो तापतो. काटा अगदी शून्यावर असेल तर बॅटरी पूर्ण चार्ज करून रात्रभर दोन्ही टर्मिनल काढून ठेवा आणि सकाळी मोजा. १२.६ च्या आसपास असेल तर बॅटरी टिकतेय, बाराच्या खाली गेली असेल तर ती आतूनच संपलीय, डायनामोला दोष देऊ नका.

लाइट लावून इंजिन बंद असताना काटा कुठे, रेस दिल्यावर कुठे, आणि ई पॉइंटला वायर टेकवल्यावर आवाज आला का, एवढे तीनच आकडे-निरोप इथे खाली लिहा. मी रोज रात्री बघतो, पुढचं आपण तिथून धरू.