केनियाला जाताय? यलो फीवरवाला तो मेसेज पुढे पाठवू नका

गेले चार दिवस आमच्या तीन ग्रुपवर एकच मेसेज फिरतोय, की केनियाच्या सफारीला जाणाऱ्यांनी यलो फीवरच्या (डासांमुळे पसरणाऱ्या एका तापाच्या) लशीच्या भानगडीत पडू नका, केनियावाले भारतीयांना विचारतच नाहीत, लागलीच तर एअरपोर्टवर मिळते, साठीच्या वर सूट असते, आणि लस घेतल्याचं जुनं कार्ड १० वर्षांनी बाद होतं म्हणून एजंटकडून नवीन करून घ्या. माझी मावशी पुढच्या महिन्यात मसाईमाराला चाललीय आणि तिनेच मला विचारलं की खरंय का रे हे, म्हणून लिहायला बसलो.

पहिला मुद्दा अर्धा खरा आहे आणि लोक फसतात ते तिथेच. केनिया कार्ड मागतं ते यलो फीवर असलेल्या देशांतून येणाऱ्यांकडे, भारत त्यात नाही. पण अडचण जाताना नाहीये हो, परत येताना आहे! यलो फीवरचा धोका असलेल्या देशांच्या भारताच्या यादीत केनिया आहे, त्यामुळे कार्ड नसताना मुंबईत उतरलात तर ६ दिवसांपर्यंत क्वारंटाइनमध्ये ठेवू शकतात. ६ दिवसच का, तर डास चावल्यापासून ताप यायला साधारण ३ ते ६ दिवस लागतात. आणि एवढी कडक भूमिका का, तर हा आजार पसरवणारा एडिस इजिप्ती डास म्हणजे आपला डेंग्यूवालाच, तो आपल्या कुंडीखालच्या ताटलीत, गच्चीवरच्या टाकीत आधीच आहे, फक्त आजार अजून इथे आलेला नाही. २०१६ मध्ये अंगोलात साथ होती तेव्हा तिथून परतलेल्या ११ जणांना चीनमध्ये यलो फीवर निघाला, आशियात असं पहिल्यांदाच झालं. त्यामुळे ही भीती नुसती कागदावरची नाही. शिवाय टूरमध्ये केनियातून नमांगा बॉर्डर ओलांडून टांझानियाला जाणं असेल तर टांझानियाही कार्ड मागू शकतं, कारण तुम्ही केनियातून येताय.

एअरपोर्टवर मिळते म्हणे. हा गैरसमज बहुतेक एअरपोर्ट हेल्थ ऑर्गनायझेशन या सरकारी आरोग्य कार्यालयाच्या नावामुळे झालाय. लस सरकारने ठरवून दिलेल्या सेंटरवरच मिळते, मुंबईत एअरपोर्ट हेल्थ आणि पोर्ट हेल्थवाले देतात, गोव्यात मुरगाव पोर्ट हेल्थ, पण तिथे आधी अपॉइंटमेंट घ्यावी लागते, विमानातून उतरलं की काउंटरवर टोचून देतात असं काही नाही. एका बाटलीत बरेच डोस असतात आणि उघडली की काही तासांत संपवावी लागते म्हणून माणसं जमवून, ठरलेल्या दिवशीच देतात. बाबांना घेऊन गेलो होतो तेव्हा आम्हीही बाकावर तासभर बसलो होतो. सिस्टरनी पिवळ्या पुस्तिकेत, म्हणजे त्या कार्डावरच, पासपोर्ट नंबर लिहिताना एक आकडा चुकला, मला वाटलं खोडून नीट करतील, तर त्यांनी ती पुस्तिका बाजूला ठेवून दुसरी कोरी घेतली, म्हणाल्या खाडाखोड असेल तर कार्ड अमान्य ठरू शकतं. तिथेच नाव, जन्मतारीख, नंबर, शिक्का सगळं पासपोर्ट हातात धरून तपासा.

१० वर्षांची मुदत ११ जुलै २०१६ पासून गेली, एका डोसचं कार्ड आता आयुष्यभर चालतं, आधी काढलेलं असलं तरी. मात्र नवीन लस घेतल्यावर कार्ड दहाव्या दिवसापासून लागू होतं.

साठीच्या वर आपोआप सूट नाही, उलट जास्त जपायला लागतं. लस जिवंत पण दुबळ्या केलेल्या विषाणूची आहे, पहिल्यांदाच घेणाऱ्या साठीपुढच्यांना गंभीर रिॲक्शनचा धोका थोडा जास्त असतो, क्वचितच होतं पण असतो. केमो चालू असणारे, प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं घेणारे, थायमस या छातीतल्या ग्रंथीचा आजार असलेले आणि अंड्याची तीव्र ॲलर्जी असलेले यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय दंड पुढे करूच नये. लस चालत नसेल तर डॉक्टरांचं तसं पत्र मिळतं, पण ते पत्र म्हणजे पास नव्हे, परत आल्यावर निर्णय एअरपोर्टचे हेल्थ ऑफिसर घेतात. अशा वेळी ट्रिपच बदलावी असं माझं प्रामाणिक मत आहे.

आणि ते एजंटचं कार्ड, ह्याचा मला खरंच राग येतो. यलो फीवरवर नेमकं औषध नाही, आजार गंभीर टप्प्यात गेला, कावीळ झाली, रक्तस्राव सुरू झाला की अशांतले जवळपास निम्मे पेशंट ७ ते १० दिवसांत दगावतात. पैसे देऊन शिक्का मिळेल, पण डास चावल्यावर तो शिक्का काय करणार?

मावशी, तुझ्याकडे अजून पाच आठवडे आहेत. आधी तुझ्या डॉक्टरांकडे जा, बीपी आणि सांधेदुखीच्या गोळ्यांची चिठ्ठी दाखव, ते हो म्हणाले की लगेच अपॉइंटमेंट घेऊ. सेंटरवर मी येतो सोबत, पासपोर्ट तेवढा विसरू नकोस.